पणजोबांचं सहाबारी पिस्तूल

बसा रे पोरांनो, सरकून बसा. आजची गोष्ट अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका शेतघरात घडते असं धरू या. घर जुनं, लाकडी. आजी गेली, आणि घर आवरायची पाळी नातवंडांवर आली. माळ्यावर पत्र्याची पेटी, पेटीत तेलकट फडकं, आणि फडक्यात गुंडाळलेलं एक जड, तपकिरी पडलेलं सहाबारी पिस्तूल. आजीच्या आजोबांचं, घरातल्या सगळ्यांचे ते पणजोबाच. तिकडे हे पुष्कळ घरांत घडतं, बरं का. 1861 ते 1865 या काळातल्या, उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधल्या त्यांच्या अंतर्गत युद्धात लाखो माणसं लढली, आणि युद्ध संपल्यावर शिपायांना थोडे डॉलर भरून आपलं हत्यार घरी न्यायची मुभा मिळाली. ती हत्यारं अजून माळ्यांवरून खाली उतरताहेत.

आता त्या घरातला थोरला नातू म्हणतो, "पॉलिश पेपर आणा, चकचकीत करू, मग याचे किती येतील ते बघू." हात धरून थांबवा त्याला! त्या पिस्तुलाचं वय, त्याचा खरेपणा, त्याने काय काय सोसलं, हे सगळं त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे. काही कारागिराने लिहिलं, आणि बाकीचं हवेने, पाण्याने, गंधकाने लिहिलं. ते कसं वाचायचं ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

पण सगळ्यात आधी बघायचं ते हे, की आत बार भरलेला तर नाही ना. दीडशे वर्षांपूर्वी भरलेला बारही जिवंत असू शकतो. आजच्या बंदुकीतली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते, तिचा रेणूच हळूहळू मोडत जातो. काळ्या दारूचं तसं नाही. ती तीन पदार्थांची साधी सरमिसळ आहे: वजनाने 75 टक्के सोरा, 15 टक्के लोणारी कोळसा, 10 टक्के गंधक. तिघंही एकमेकांना खेटून वर्षानुवर्षं स्वस्थ बसतात. कोरडी राहिली की ती दारू पणतवंडांच्या काळातही पेटते. 2008 साली व्हर्जिनियात एक अनुभवी संग्राहक त्याच युद्धातला तोफगोळा साफ करत होता, तो गोळा फुटला आणि माणूस जागीच गेला. म्हणून नळी कुणाकडेही न रोखता, घोडा न ओढता, पिस्तूल थेट जाणत्या बंदूकदुरुस्तीवाल्याकडे न्यायचं. बार भरायची सहाही घरं रिकामी आहेत असं त्याने सांगितलं की मगच पुढचं.

आता या सोऱ्याची नवलाई ऐका. जळायला प्राणवायू लागतो, हे तुम्हाला शाळेत शिकवलंय. पण बंदुकीच्या बंद नळीत हवा कुठून येणार? ती सोऱ्यात कोंडलेली असते. सोऱ्याच्या प्रत्येक रेणूत पोटॅशियमचा एक, नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू. तापला की तो ऑक्सिजन सोडतो, कोळसा आणि गंधक त्याच्यावर तुटून पडतात, आणि क्षणार्धात तापलेल्या वायूंचा लोट गोळीला ढकलत नळीबाहेर पडतो.

आणि हा सोरा बनवतं कोण? जिवाणू! हसू नका, पुढचं ऐकून आणखी हसाल. बिहारच्या खेड्यांत गुरं गोठ्यात मुततात, ते जमिनीत मुरतं, त्यातून अमोनिया तयार होतो. मातीतले एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाला ऑक्सिजन जोडून नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात. हे जीव इतके अजब की त्यांना ऊनही नको आणि आयतं अन्नही नको. अमोनिया हेच त्यांचं इंधन, त्याच्या जोरावर ते हवेतला कार्बन घेऊन स्वतःचं शरीर घडवतात. सेर्गेई विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे दाखवून दिलं, तोवर जगाला पत्ता नव्हता. पावसाळ्यात ते नायट्रेट पाण्यात विरघळतं. पाऊस ओसरला, ऊन तापलं, की ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, उडून जातं आणि जमिनीवर पांढरी पूड येते. नोनिया समाजाची माणसं ती खरवडून, पाण्यात गाळून, उकळून सोरा काढत. पिढ्यान् पिढ्या त्यांचा तोच धंदा. पाटण्याहून तो सोरा गंगेतून कलकत्त्याला, आणि तिथून जहाजांनी युरोपात जाई. आपल्या किल्ल्यांवरच्या दारूखान्यांतही दारूचे घटक हेच तीन.

ओहायोच्या पिस्तुलाशी याचा काय संबंध, असं म्हणताय ना? आहे! 1861 च्या शेवटी लॅमोट ड्यू पाँट नावाचा तिशीतला तरुण लंडनला गेला. डेलावेअरमधला त्यांचा दारूचा कारखाना उत्तरेच्या सैन्याला दारू पुरवत होता. त्याने गुपचूप, हाताला लागेल तेवढा हिंदुस्थानी सोरा विकत घेतला. तेवढ्यात अमेरिकन नौदलाने ट्रेंट नावाच्या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील उचलल्याची बातमी आली. इंग्रज सरकार भडकलं आणि सोऱ्याची निर्यात बंद झाली. वकील सोडून दिल्यावरच, 1862 च्या सुरुवातीला, तो माल हलला. इकडे दक्षिणेचा समुद्रमार्ग उत्तरेच्या नाकेबंदीने आवळला होता. त्यांनी गुहांमधली माती खणली, नायट्रेटसाठी खताचे ढीग रचले, आणि अलाबामातल्या सेल्मा गावी तर घराघरातून मूत्र साठवून द्या अशी जाहिरात निघाली. म्हणजे आपल्या या शिपायाच्या पिस्तुलातून जो बार उडाला, त्यात बिहारच्या एखाद्या गोठ्यातला नायट्रोजन असेलही.

कलकत्त्याचा धागा आणखी एक आहे. सॅम्युअल कोल्ट हा कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा मुलगा. 1830 मध्ये, सोळा वर्षांचा असताना, तो बॉस्टनहून 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज निघालं होतं कलकत्त्याला. त्या प्रवासात त्याने फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. परत आल्यावर हातात पैसा नव्हता, म्हणून तो 'न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे डॉ. कोल्ट' बनून गावोगाव हसवणाऱ्या वायूचे प्रयोग करत हिंडला. तो वायूही नायट्रोजन आणि ऑक्सिजनचाच, बरं का! 1836 मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. पहिला कारखाना बुडाला. मग 1847 मध्ये सॅम्युअल वॉकर या टेक्सासच्या घोडदळी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने दोन किलोंचं एक राक्षसी पिस्तूल बनवलं आणि त्याचं नशीब पालटलं.

कोल्टची युक्ती अशी. घोडा अंगठ्याने मागे ओढला की सहा घरांचं नळकांडं एक घर पुढे फिरतं आणि नळीच्या रेषेत येऊन घट्ट अडकतं. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या गावांत ठासणीची बंदूक असे, तिच्याबद्दल आजोबांकडून ऐकलं असेल तुम्ही. हे पिस्तूलही ठासणीचंच, फक्त सहा वेळा ठासायचं. प्रत्येक घरात समोरून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने दाबायची. गोळी घरापेक्षा जराशी मोठी असते. ती आत जाताना शिशाची बारीक कडी सोलून निघते, म्हणजे घर बंद झालं समजायचं. तशी निघाली नाही, तर एका घरातली आग शेजारच्या घरात शिरू शकते. मागे प्रत्येक घराला एक पोकळ खुंटी, तिच्यावर तांब्याची केप. केपेत पाऱ्याचं फल्मिनेट, घोडा आपटला की ते भडकतं. ठोक्याने पेटणाऱ्या या मसाल्याची कल्पना स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या पाद्र्याची. त्याला पाणपक्षी मारायचा नाद. गारगोटीच्या बंदुकीची ठिणगी आधी दिसायची आणि पक्षी बुडी मारायचे, म्हणून त्याने हे शोधलं आणि 1807 मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

आता खरं वाचन सुरू करू. पणजोबांचं पिस्तूल टेबलावर ठेवा, खिडकीच्या उजेडात. हात पुसून घ्या, घामातलं मीठ लोखंडाला लागू द्यायचं नाही.

प्रथम वरून बघा. नळकांड्याच्या डोक्यावर लोखंडी पट्टी आहे की ते उघडं आहे? उघडं असेल आणि नळी एका आडव्या पाचरीने अडकवलेली असेल, तर घडण कोल्टची. पट्टी असेल, तर बहुधा न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनच्या रेमिंग्टनची. रेमिंग्टनच्या नळीवर 14 सप्टेंबर 1858 ही तारीख ठोकलेली असते. पुष्कळ लोक ते साल पिस्तुलाचं जन्मसाल समजतात. ती पेटंटची तारीख आहे. ते मॉडेल 1863 पासून पुढे बनलं.

आपलं पिस्तूल उघड्या डोक्याचं, नळी अष्टकोनी, साडेसात इंच लांब, नळीचं तोंड 0.36 इंची. म्हणजे हे कोल्टचं 1851 चं 'नेव्ही' असावं. हार्टफर्डला ती दोन लाखांहून अधिक बनली, आणि लंडनच्या कारखान्यात चाळीस हजारांच्या आसपास. नळीच्या माथ्यावर पत्ता असतो. न्यूयॉर्कचा पत्ता दिसला तर बिचकू नका, कारखाना हार्टफर्डला असला तरी अमेरिकेतल्या बऱ्याच मालावर न्यूयॉर्क लिहीत. पत्ता लंडनचा असेल तर ते पिस्तूल थेम्सकाठचं. 0.44 इंची, गोल नळीचं आणि पुढे जाड होणाऱ्या नळकांड्याचं निघालं असतं, तर ते 1860 चं 'आर्मी'.

आता भिंग घ्या आणि नळकांडं हळूच न्याहाळा. त्यावर जहाजं दिसतात का? शिडं, धुराचे लोट, लाटा? 16 मे 1843 रोजी मेक्सिकोच्या कॅम्पेचे बंदरासमोर टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोच्या आरमाराशी लढाई झाली, तिचं हे चित्र. टेक्सासच्या आरमाराने कोल्टची पहिली पिस्तुलं घेतली होती, त्याची ही जाण. चित्र कोरणारा वॉटरमन ऑर्म्सबी हा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर. कडक पोलादी रुळावर त्याने उलटं चित्र कोरलं, आणि तो रूळ दाबून फिरवला की नळकांड्यावर सुलटं उमटायचं. खोली केसाएवढी. शिपायाच्या कातडी म्यानात पिस्तूल वर्षानुवर्षं आत-बाहेर झालं की आधी हेच चित्र झिजतं. जहाजं अजून ठसठशीत असली, तर संग्राहकाचे डोळे चमकतात. आणि पॉलिश पेपर पहिल्याच फटक्यात नेमकं हेच पुसून टाकतो, कळलं का त्या थोरल्याला का थांबवलं ते?

अंगावरच्या रंगाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. कारखान्यातून निघालं तेव्हा नळी आणि नळकांडं गडद निळं होतं. तो निळेपणा रंगाचा हात मारून आलेला नव्हता. घासून आरसा केलेलं लोखंड काबूत ठेवलेल्या आचेवर तापवलं की त्यावर मॅग्नेटाइट नावाच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तो थर पुढे हवेत आणि हाताळण्यात विरतो, आणि त्याच्या जागी शांत, चॉकलेटी तपकिरी छटा येते. ती दीडशे वर्षांत हळूहळू आलेली असते, आणि आम्लाने एका रात्रीत आणलेला तपकिरी रंग तिच्याशेजारी ठेवला की सपाट दिसतो, कोपऱ्यात आणि खाचेत सारखाच.

पिस्तुलाच्या मधल्या सांगाड्यावर आणि घोड्यावर वेगळी जादू केलेली असे. ते भाग जाळलेली हाडं आणि कातडं भरलेल्या लोखंडी पेटीत घालून लाल होईपर्यंत तापवत. कोळशातला कार्बन लोखंडाच्या कातडीत शिरतो, म्हणजे वरून पोलादासारखी कठीण आणि आतून चिवट अशी वस्तू तयार होते. मग ती एकदम थंड पाण्यात सोडायची. पाण्यात बुडबुडे असतात, ती कुठे लवकर निवते, कुठे उशिरा. त्यामुळे ऑक्साइडचा पडदा कुठे जाड, कुठे पातळ. तोही किती? मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून कमी! त्या पडद्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांना भेटतात, काही रंग एकमेकांना मारतात, काही वाढवतात. साबणाच्या फुग्यावर जसे रंग फिरतात तसेच इथे निळे, जांभळे, सोनेरी ढग उमटतात, फरक इतकाच की हे गोठलेले असतात. उजेडात वर्षं काढली की तेही राखाडी होत जातात. पण घोड्याच्या बगलेत, खिळ्याच्या आडोशाला कधी चिमूटभर रंग उरतो. तिथे फडकंसुद्धा घासू नका.

मूठ सांभाळणारी आणि चापाभोवतीची पट्टी पितळेची असते, बाजारात विकलेल्या नेव्हीवर तिला चांदीचा मुलामा असे. दारूतल्या आणि हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. तो काळा डाग मळ समजून कुणी घासला की खालचं पितळ उघडं पडतं आणि मुलामा गेला तो गेला.

आता खळगे बघा. काळी दारू जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा वायू होतच नाही, घन कण उरतात. तोच तो पांढरा धूर आणि तीच नळीतली काजळी. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि ओल्या क्षाराखाली लोखंड खाल्लं जातं. म्हणून शिपाई लढाईनंतर गरम पाण्याने पिस्तूल धुवायचे. ज्या संध्याकाळी धुवायला फुरसत मिळाली नाही, त्या संध्याकाळी खुंट्यांच्या बुडाशी आणि घरांच्या तोंडाशी खळगे पडले. खूप वापरलेल्या पिस्तुलात ते तिथेच दाट दिसायला हवेत. अंगभर खळगे आणि खुंट्या मात्र कोऱ्या, असं दिसलं तर कान टवकारायचे. खुंट्या नंतर बदललेल्या असतील, किंवा खळगे कुणीतरी मुद्दाम पाडलेले असतील.

कारण नकलाही पुष्कळ आहेत. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतल्या ब्रेशिया भागात या पिस्तुलांच्या सुंदर प्रतिकृती बनतात. त्यांवर इटालियन तपासणीचे शिक्के असतात, आणि छोट्या चौकटीत सालाची खूण. 1975 पासून ती दोन अक्षरांची झाली. काहींवर फक्त काळी दारू वापरा असं इंग्रजीत कोरलेलं असतं. जरा विचार करा हं, 1851 मध्ये असं कोण कोरेल? तेव्हा दुसरी दारू होती कुठे? बिनधुराची दारू पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1884 मध्ये केली. आणखी एक खूण: कोल्टने 1851 चं नेव्ही 0.44 इंची कधीच केलं नाही आणि त्याचा सांगाडा पितळेचा कधीच नव्हता. पितळी सांगाड्याच्या नकला युद्धकाळात दक्षिणेने केल्या, कारण त्यांच्याकडे लोखंडाची टंचाई होती. जॉर्जियातल्या ग्रिस्वोल्ड आणि गनिसन यांची तसली पिस्तुलं साडेतीन हजारांच्या आसपास निघाली, आणि आज ती अस्सल कोल्टहून कितीतरी महाग आहेत. म्हणून पितळी सांगाडा दिसला की घाईने फेकूही नका आणि नाचूही नका, शिक्के शोधा.

मग आकडे. नळी, सांगाडा, चापाची पट्टी, मुठीची पट्टी, नळकांडं, इतकंच काय ती इवलीशी पाचरसुद्धा, सगळ्यांवर अनुक्रमांक ठोकलेला असतो. छावणीत वीस पिस्तुलं एकदम खोलून धुतली की भागांची अदलाबदल व्हायची. सगळीकडे एकच आकडा असेल तर भाव वाढतो. त्या आकड्यावरून बनल्याचं साल छापील तक्त्यांत सापडतं. कारखान्याची बरीच जुनी कागदपत्रं मात्र फेब्रुवारी 1864 च्या आगीत गेली. वाटलं तर हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात कोल्टच्या पत्नीने दिलेला संग्रह आहे, तिथे अस्सल वस्तूला डोळा सरावतो.

किती येतील, हे विचारायला तुम्ही केव्हाचे अधीर झालाहात. इटालियन प्रतिकृतीचे काही शे डॉलर. अस्सल पण झिजलेल्या, तपकिरी नेव्हीचे हजारांत. निळा रंग आणि जहाजं शाबूत असली तर त्याच्या कितीतरी पट. वॉकरची ती राक्षसी पिस्तुलं अकराशेच्या आसपास बनली होती. त्यातलं एका डॅनिश जहाजी कप्तानाने घेतलेलं, मूळ पेटीसकट जपलेलं, 2018 च्या लिलावात 18 लाख 40 हजार डॉलरला गेलं. पेटी, गोळ्यांचा साचा, दारूचं पात्र, यातलं काहीही सापडलं तर वेगळं करून विकायचं नाही. आणि किंमत ठरवायला त्याच्याकडे जा ज्याला ते स्वतः विकत घ्यायचं नाही, मग पुढचं बोलणं सोपं जातं.

कायदाही सांगून ठेवतो. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यात 1898 पर्यंत बनलेली हत्यारं पुराणवस्तू समजतात, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे. आपल्याकडे तसं नाही. कुणाच्या वाड्यात जुनं पिस्तूल किंवा ठासणीची बंदूक निघाली तर 1959 चा शस्त्र कायदा लागू होतो. कालबाह्य आणि दुरुस्त करूनही उडणार नाही अशा वस्तूला त्यात सवलत आहे, पण ती वस्तू तशी आहे की नाही हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. आधी पोलीस ठाण्यात कळवायचं. शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू देशाबाहेर नेऊन विकता येत नाही, तो 1972 चा कायदा.

तर ओहायोतल्या त्या घराने आता काय करावं? पुसायला फक्त मऊ सुती कापड आणि पातळ तेलाचा एक थेंब. जिथे लालसर, बोटाला लागणारा गंज आहे तिथेच तो थेंब, बाकी अंगाला हात नाही. कातडी म्यानात परत ठेवायचं नाही, कातडं कमावताना वापरलेली आम्लं लोखंड खातात. मग आजीच्या तोंडून ज्यांनी ज्यांनी काही ऐकलं असेल त्यांना बसवून ते लिहून घ्यायचं, खाली नाव आणि तारीख घालायची. आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला पणजोबांच्या नावाने अर्ज करायचा. युद्धातल्या उत्तरेच्या शिपायांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली तिथे जपून ठेवल्यात. त्या फाइलीत त्यांची पलटण सापडली आणि त्या पलटणीला कोल्टची नेव्ही पिस्तुलं दिल्याची नोंद जुळली, तर त्या कागदाची नक्कल पेटीत पिस्तुलाशेजारीच ठेवायची. घेणारा आधी तो कागद वाचायला मागेल.